इंजिन बांधून झालं, सेल्फ फिरतो, पण गाडी फायर घेत नाही

प्रश्न थोडक्यात असा. टाटा १६१३, कमिन्सचं ६बीटी ५.९ इंजिन, साधा इनलाइन डिझेल पंप. गाडी चार महिने उभी होती. त्या काळात फुल इंजिन काम झालं: ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, मेन आणि बिगएंड बेअरिंग, हेडला व्हॉल्व्ह आणि सीट, पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) कॅलिब्रेशनला, म्हणजे मापात बसवायला, जाऊन आले. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, सायलेन्सरमधून अधूनमधून पांढरा धूर निघतो, पण फायर येत नाही. एक मिस्त्री म्हणतो पंप परत पाठवा, दुसरा म्हणतो हेड उघडा, तिसरा म्हणतो टोचन लावून ओढा, एकदा पकडली की सुटेल. ऊस हंगाम तोंडावर आलाय आणि बँकेचा हप्ता थांबत नाही.

सगळ्यात आधी टोचनचं सांगतो, कारण ते आजच घडू शकतं. टोचन लावू नका. सेल्फची ताकद मर्यादित असते, आत काही अडलं तर तो थांबतो. टोचन लावून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून अख्ख्या गाडीचं वजन इंजिनाला फिरवतं आणि ते कशालाही थांबत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल किंवा पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ९८० सीसीचा आहे आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ६० सीसी, म्हणजे अर्धा कप चहाइतकी. तेवढं डिझेल आत गेलं की पुढे दबायला काही उरत नाही. नव्या इंजिनात सव्वा-दीड लाख घातल्यावर हा धोका घेऊ नये. हवेच्या पाइपाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं, हेही सध्या नको. तो भडका टायमिंगची, म्हणजे डिझेल फवारण्याच्या ठरलेल्या क्षणाची, वाट न बघता वर येणाऱ्या पिस्टनला मधेच गाठतो आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी तुटू शकतात.

आता मूळ मुद्दा. तुमची गाडी कामाला लावण्याआधी चालत होती. धूर करत असेल, ऑइल पीत असेल, पण सकाळी सुरू होत होती. म्हणजे आजचा दोष झिजेतून आलेला नाही. तो गेल्या चार महिन्यांत जिथे जिथे हात लागला तिथेच कुठेतरी बसलाय. म्हणून पाना उचलण्याआधी वही घ्या आणि काय काय उघडलं, कुणी बसवलं, कोणत्या क्रमाने बसवलं ते लिहून काढा. पुढचं टायमिंग कव्हर उघडलं होतं का? कॅमशाफ्ट बाहेर काढला होता का? पंप गिअरसकट उतरवला की गिअर तिथेच ठेवून? हेड प्लेन केलं का? हे विचारताना मिस्त्रीवर दोष ठेवण्याचा सूर नको. तो चिडला की खरं सांगणार नाही, आणि तुम्हाला आता खरं कळण्याचीच गरज आहे. माझ्या अनुभवात अर्धं निदान या वहीत निघतं.

दुसरं, धूर बघा. डिझेल इंजिनाला सुरू व्हायला पुरेसा वेग, पुरेसं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेचा दाब) आणि योग्य क्षणी बारीक फवारा लागतो. यातलं काय कमी पडतंय ते सायलेन्सर सांगतो. पंधरा सेकंद सेल्फ मारूनही धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मग कॉम्प्रेशन-टायमिंगच्या चर्चेत पडायचंच नाही, टाकीपासून नोझलपर्यंतची वाट बघायची. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. तिथे वेग, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. तुमचा धूर 'अधूनमधून' आहे. म्हणजे काही सिलिंडरना डिझेल मिळतंय, काहींना नाही, किंवा लाइनीत हवा आहे. त्यामुळे तुम्हाला दोन्ही बाजू तपासाव्या लागतील, पण क्रमाने.

क्रम असा: आधी सेल्फचा वेग, मग हाताने फिरवून बघणं, मग डिझेल, मग टायमिंग, शेवटी कॉम्प्रेशन. स्वस्त आणि न उघडता होणारं आधी. हेड उघडणं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

वेगाबद्दल लोक म्हणतात, "सेल्फ जोरात फिरतोय की!" कानावर विश्वास ठेवू नका. नवं इंजिन घट्ट असतं, बॅटरी चार महिने पडून असते. क्रँक पुलीवर खडूची रेघ मारा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. दहा सेकंदांत पंचवीस फेरे झाले तर वेग १५० आला. १२० च्या खाली असेल तर हवा दाबली जाते पण तापत नाही, आणि तापली नाही तर डिझेल पेटत नाही. त्याच वेळी मीटर बॅटरीला लावा. १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये सेल्फ फिरताना ९.५ च्या खाली आणि २४ च्या वायरिंगमध्ये १९ च्या खाली आकडा गेला तर बॅटरी किंवा केबल.

आणि अर्थिंग. इंजिन बांधून झाल्यावर ब्लॉकला रंग मारतात, छान दिसतो, आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो व्होल्ट तुमच्या सेल्फपर्यंत पोचत नाही. पट्टी सोडा, खालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, परत आवळा. दहा मिनिटांचं काम आहे. सेल्फ सलग तीस सेकंदांहून जास्त मारू नका आणि मधे दोन मिनिटं थांबा, नाहीतर इंजिन सुरू होईल तोवर सेल्फच जळलेला असेल.

आता हाताने फिरवणं. स्टॉप केबल ओढून ठेवा, बॅटरी सोडा, फ्लायव्हील हाउसिंगमधून बारिंग टूल घालून इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने. प्रत्येक कॉम्प्रेशनला जड जाणार, मग सुटणार, हे सहा वेळा सारखंच व्हायला हवं. एके ठिकाणी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं अडलं तर तिथेच थांबा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय किंवा आत द्रव साठलाय. जोर लावू नका, त्या सिलिंडरचा नोझल काढून बघा. आणि एक गोष्ट आठवणीने: टायमिंग गिअर हाउसिंगवर, पंपाच्या खालच्या बाजूला टीडीसीची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेची, पिन असते. काम करताना ती आत दाबून ठेवतात आणि परत बाहेर ओढायची राहून जाते. तशीच ठेवून फिरवलं तर ती तुटते आणि तुकडा गिअरमध्ये जातो. फिरवण्याआधी पिन बाहेर आहे याची खात्री करा.

एवढं झालं की डिझेलकडे या. चार महिने उभ्या असलेल्या गाडीत लाइन सुकलेली असते, फिल्टर रिकामे असतात, रबरी पाइप कडक होऊन क्लिपजवळ चिरलेले असतात. चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही म्हणून ती दिसत नाही. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो तेव्हा तिथून हवा आत जाते. ही गाडीतली सगळ्यात फसवी गळती आहे. ती शोधायला मी टाकीचा रस्ताच बाजूला करतो. पाच लिटरचा स्वच्छ कॅन केबिनच्या बाजूला उंचावर टांगायचा, त्यातून पारदर्शक प्लास्टिकची नळी थेट फीड पंपाच्या इनलेटला. आता हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारला की नळीत डिझेल येताना दिसतं आणि बुडबुडे असतील तर तेही दिसतात. कॅनवर इंजिन सुरू झालं तर तुमचा दोष टाकी ते फीड पंप या वाटेत आहे आणि इंजिनाला हात लावण्याची गरजच नाही. फीड आणि रिटर्नचे पाइप उलटसुलट जोडलेले मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलेत. टाकीवरच्या दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात, म्हणून ते आधी तपासा.

एअर काढायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे असं सगळे म्हणतात, पण घाईत क्रम चुकतो. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू, तिथून फेस जाऊन सलग धार येईपर्यंत प्रायमर. मग तो आवळून पंपावरचा स्क्रू. मग नोझलकडच्या सहाही प्रेशर पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, सेल्फ मारायचा. प्रत्येक नटातून झटक्याझटक्याने डिझेल उडायला लागलं की एक-एक आवळत जायचं. नटाभोवती कापड ठेवा, डोळ्यांना चष्मा. आणि नोझल बाहेर काढून फवारा बघत असाल तर बोट कधीही समोर नेऊ नका. तो फवारा कातडीतून आत जातो. बाहेर टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि आत बोट सडत जातं. असं झालं तर वेदना नसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

प्रायमरने फिल्टरपर्यंत धार येते, पंपाच्या स्क्रूतून येते, पण प्रेशर पाइपांतून काहीच येत नाही, असं झालं तर पंपाला दोष देण्याआधी स्टॉप लिव्हर बघा. केबल नव्याने बसवताना ती आखूड आवळली गेली तर लिव्हर कायम अर्धवट 'बंद'कडे राहतो. केबल सोडून लिव्हर हाताने हलवा. तो स्प्रिंगने स्वतःहून परत यायला हवा. पंप कॅलिब्रेशनहून येऊन दोन-तीन महिने कोरडा पडून राहिला असेल तर आतला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, चिकटतो. बंदकडे चिकटला तर गाडी सुरू होत नाही. उघड्याकडे चिकटला तर गाडी सुरू होते आणि थांबत नाही, आणि ते जास्त भयंकर. याकडे शेवटी परत येतो.

समजा सहाही नटांतून डिझेल उडतंय, सेल्फचा वेग चांगला आहे, पांढरा धूर भरपूर आहे आणि तरी फायर नाही. आता टायमिंग. माझा पहिला संशय तुमच्या गाडीत इथेच आहे, कारण पंप उतरला होता.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा पंपाचा एक फेरा होतो. एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशन संपताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा जुळते. मिस्त्रीने नुसती ती खूण जुळवून पंप बसवला तर पन्नास टक्के शक्यता आहे की पंप बरोबर एक फेरा चुकलाय. मग डिझेल एक्झॉस्टच्या शेवटी पडतं, सरळ सायलेन्सरमधून कच्चं बाहेर जातं आणि पांढरा धूर होतो.

हे बघायला काही महाग हत्यार लागत नाही. रॉकर कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांवरचं झाकण, काढा. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एक आणि सहा हे जोडीदार आहेत, दोघांचे पिस्टन एकत्र वर येतात. इंजिन हाताने फिरवत टीडीसीवर आणा आणि सहा नंबरच्या रॉकरांकडे बघा. क्रँक जरासा पुढे-मागे हलवला की सहाचा एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय असं दिसलं, म्हणजे सहा ओव्हरलॅपला आहे, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. त्या वेळी एक नंबरचे दोन्ही रॉकर हाताने हलतील, ढिले लागतील. आता इंजिन दीड-पावणेदोन फेरे पुढे नेऊन पुन्हा त्याच टीडीसीकडे सावकाश या. पंपावरचे एक आणि सहा नंबरचे प्रेशर पाइप काढलेले असू द्या, स्टॉप केबल आत आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. पंपाच्या एक नंबरच्या तोंडात डिझेल भरलेलं दिसेल. टीडीसीच्या काही अंश आधी ते हलेल, फुगेल. तसं झालं तर निदान फेरा तरी बरोबर आहे. एक नंबरऐवजी सहाच्या तोंडात डिझेल हललं तर उत्तर मिळालं. नेमके अंश इंजिनाच्या प्लेटवर लिहिलेले असतात. ती प्लेट रंगाखाली गेली असेल तर थिनर लावून पुसा, पण दुसऱ्या गाडीचा आकडा घेऊ नका.

एक गाडी माझ्याकडे दोन गॅरेजं फिरून आली होती. पंप दोनदा कॅलिब्रेट झालेला, दोन्ही वेळा पैसे दिलेले. मालक जेवलाही नव्हता, बोनेटजवळ उभा राहून नुसता पंपाकडे बघत होता. रॉकर कव्हर काढलं, पंपाचा एक नंबर जिथे डिझेल ढकलत होता तिथे क्रँक थांबवला आणि त्याला म्हटलं, या दोन पुशरॉडांना बोट लावा. एक नंबरचे पुशरॉड दोन्ही ताणलेले होते, सहाचे बोटाने गरागरा फिरत होते. म्हणजे पंप एक नंबरला डिझेल देत होता आणि कॉम्प्रेशन सहामध्ये होतं. पंपाचा गिअर सोडला, क्रँक एक फेरा पुढे नेला, टीडीसी पिन आत जाते का ते पाहिलं, गिअर आवळला, पिन बाहेर काढली. एअर काढून सेल्फ मारला तर तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला इंजिन उठलं. पंपात दोष कधीच नव्हता.

त्या टीडीसी पिनचं महत्त्व म्हणूनच आहे. कॅम गिअरला एकच भोक असतं आणि पिन फक्त एक नंबर कॉम्प्रेशनवर असतानाच त्यात जाते. खुणेसारखी दोन वेळा जुळत नाही. पण तिची स्वतःची जागाही महत्त्वाची. पिनचं छोटं हाउसिंग कुणी न खुणावता सोडून परत बसवलं असेल किंवा टायमिंग गिअर हाउसिंगच बदललं असेल तर पिन चुकीच्या अंशावर 'बरोबर' बसल्याचा भास देते. खात्री करायची तर एक नंबरच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग काढायची, व्हॉल्व्हच्या दांड्याला घट्ट रबरी रिंग घालायची म्हणजे तो आत पडणार नाही, व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकवायचा आणि डायल गेजने पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधायचा. तो आणि पिन जुळले पाहिजेत. टायमिंग कव्हर उघडलं गेलं असेल तर क्रँक गिअर आणि कॅम गिअरच्या खुणाही तपासाव्या लागतील. तिथे एक दात चुकला तर व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही एकदम सरकतात.

आणखी एक जागा. या इंजिनांवरच्या काही पंपांत गिअरला चावी नसते. निमुळत्या शाफ्टवर गिअर नुसत्या नटाच्या दाबाने पकडतो. शाफ्टवर किंवा गिअरच्या भोकात ऑइलचा हात राहिला तर टायमिंग बसवताना बरोबर असतं आणि दोन-चार वेळा सेल्फ मारल्यावर सरकतं. म्हणून तिथे थिनरने पुसून, कोरडं करून, टॉर्क पान्यानेच आवळायचं.

टायमिंग बरोबर निघालं तर टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. हेडचं काम झालं की व्हॉल्व्हची उंची बदलते. रॉकरचे स्क्रू मागे न घेता तसेच आवळले तर व्हॉल्व्ह किंचित उघडेच राहतात आणि कॉम्प्रेशन उभंच राहत नाही. याची एक खूण अशी की सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसारखा फिरतो, मधे जड जातच नाही. गॅप इंजिन थंड असताना: इनटेक ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.५१. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणून १, २, ४ चे इनटेक आणि १, ३, ५ चे एक्झॉस्ट बसवा. क्रँकचा एक पूर्ण फेरा देऊन ३, ५, ६ चे इनटेक आणि २, ४, ६ चे एक्झॉस्ट. पुशरॉड खाली टॅपेटच्या खोबणीत बसलाय का, तेही प्रत्येक ठिकाणी हाताने फिरवून बघा.

नोझलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मी स्वतः अर्धा दिवस घालवून शिकलो. नोझलखाली तांब्याचं वॉशर असतं. नोझल काढताना जुनं वॉशर कधीकधी हेडच्या भोकातच चिकटून राहतं. काजळीने ते इतकं काळं झालेलं असतं की हेडचाच भाग वाटतं. वरून नवं वॉशर घालून नोझल आवळला की दोन वॉशर होतात, नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या खळग्याऐवजी भलतीकडे जातो आणि बाजूने कॉम्प्रेशन गळतं. सहापैकी तीन-चार ठिकाणी हे झालं तर थंड इंजिन उठत नाही. टॉर्चचा उजेड भोकात मारा आणि टोक वाकवलेल्या तारेने कड चाचपा. वॉशर असेल तर तार अडते. नोझलच्या अंगावर एक छोटी गोळी असते, ती हेडच्या खाचेत बसली पाहिजे. बसली नाही तर नोझल वाकडा आवळला जातो.

आता कॉम्प्रेशन. नोझलच्या जागी बसणारं अ‍ॅडॉप्टर आणि डिझेलचं गेज लागतं. पेट्रोल गाडीचं गेज फुटेल. सेल्फच्या वेगावर चांगल्या इंजिनाचं साधारण २४ ते २८ बार येतं. नव्या रिंगा अजून बसलेल्या नसतात, म्हणून थोडं कमी आलं तर घाबरू नका. आकड्यापेक्षा सहा सिलिंडरमधला फरक बघा. पाच सारखे आणि एक पडलेला असेल तर गाडी तरीही सुरू होते, खडखडत का होईना. सहाही सारखेच पडलेले असतील तर एका रिंगेचा दोष नाही. व्हॉल्व्ह टायमिंग, सगळे टॅपेट आवळलेले, किंवा डिझेलने धुतलेले सिलिंडर.

हे धुणं तुमच्याकडे झालेलं असणार असं मला वाटतं, कारण तुम्ही बरेच दिवस सेल्फ मारताय. न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. रिंग कोरडी झाली की हवा खाली निसटते, त्यामुळे पेटत नाही, आणि पेटत नाही म्हणून आणखी डिझेल जातं. नोझल काढलेले असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचे एक-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, हाताने चार फेरे द्या, मग कापड टाकून नोझलविना पाच सेकंद सेल्फ मारून जादा बाहेर फेकू द्या. त्याहून जास्त ऑइल घालू नका. ६० सीसीचा हिशेब आठवा. लगेच डिपस्टिक काढा. पातळी भरलेल्यापेक्षा वर आलीय आणि ऑइल पातळ, डिझेलच्या वासाचं झालंय का? तसं असेल तर सुरू करण्याआधी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर नवी बेअरिंग लवकर जाऊ शकतात. नवं ऑइल महाग वाटेल, पण क्रँक परत ग्राइंड करण्याइतकं नाही.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी पटकन तपासून टाका. इनटेक मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं राहिलंय का? आणि गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याची झडप गंजून बंदच्या जागी अडकलीय का?

तुमची गाडी मेकॅनिकल पंपाची आहे म्हणून हे सगळं लागू आहे. कुणाकडे कॉमन रेलची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल फवाऱ्याची) गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यानंतरची बहुतेक, तर प्रेशर पाइपाचा नट सैल करून सेल्फ मारण्याची पद्धत तिथे अजिबात वापरू नका. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब चढतो. तिथे स्कॅनर लावून सेल्फच्या वेळी रेलचा दाब आणि क्रँक-कॅम सेन्सरचा मेळ बघायचा; इंजिन बांधताना सेन्सरची चकती उलटी बसली तरी इंजिन फायर घेत नाही.

आता रॅकचं. पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टरचा पाइप टर्बोपासून काढून ठेवा आणि एक माणूस जाड, सपाट फळी घेऊन तिथे उभा करा, रबराची चटई लावलेली असेल तर उत्तम. इंजिन सुरू होऊन स्वतःहून वेग पकडत गेलं आणि स्टॉप केबल ओढूनही उतरेना, तर ती फळी टर्बोच्या तोंडावर दाबायची. हात किंवा फडकं नाही, फळीच. हवा बंद झाली की इंजिन थांबतं. त्या माणसाला आधी सांगून ठेवा, दोनदा करून दाखवा. ही तयारी मी प्रत्येक बांधलेल्या इंजिनाला करतो, पंप कितीही विश्वासू माणसाकडून आलेला असो.

सुरू करण्याआधी स्टॉप केबल ओढून सेल्फ मारत ऑइल प्रेशरची सुई हलेपर्यंत फिरवा. टर्बोच्या ऑइल पाइपात थोडं ऑइल हाताने ओता. सुरू झाल्यावर पंधरा सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद. दिसलं तर रेस न वाढवता, पण अगदी खालच्या आयडलवर तासभर घुरघुरत न ठेवता, गळती आणि आवाज बघत दहा मिनिटं चालवा, मग रिकामी गाडी रस्त्यावर काढा. रिंगांना बसायला थोडा भार लागतो. ऊस पहिल्याच दिवशी भरू नका, आणि हंगामातही पहिल्या आठवड्यात ओव्हरलोड नको.

आज संध्याकाळपर्यंत एवढंच करा: सेल्फच्या वेळी बॅटरीचा व्होल्ट, खडूच्या रेघेचा दहा सेकंदांतला फेऱ्यांचा आकडा, आणि पंपाचा एक नंबर डिझेल ढकलतो तेव्हा ओव्हरलॅपला एक नंबर आहे की सहा. सोबत डिपस्टिकचा फोटो. या चार गोष्टी कळवा, तोवर पंप गाडीवरून उतरवू नका.